हॅश टाकलेली ओळ

# आठशे.

# पठारावर कपडे दोरीवर वाळत घालत नाहीत. दोन दगडांमध्ये दाबून ठेवतात.

# सुनीती फोन ठेवताना ‘ठेवते’ म्हणत नाही. ‘बरं’ म्हणते, आणि ठेवते.

# झोरेमामांना अक्षरं वाचता येत नाहीत. आकडे येतात.

# धुकं असलं की पवनचक्कीची पाती दिसत नाहीत. नुसता आवाज येतो, कुणीतरी वर उभं राहून ओली चादर झटकत असल्यासारखा.

“चालू झाला?”

“होतोय.”

“किती वेळ झाला?”

“चार मिनिटं.”

“चार मिनिटांत मी इकडे कुकर लावला, अभी.”

फोन मी बाकड्यावर स्पीकरवर ठेवला होता. लॅपटॉप मांडीवर. पत्र्याच्या केबिनला वारा धडका देत होता आणि कोपऱ्यात झोरेमामा स्टोव्हची पिन शोधत होते. झोरेमामा आमच्या साइटचे वॉचमन. संध्याकाळचे पाच वाजून गेले होते. ऑगस्टचा पहिला आठवडा.

“आता आला,” मी म्हणालो.

“माउस हलव. लगेच हलतो?”

“हलतो. पण मागून येतो.”

“मागून म्हणजे?”

“मी हात थांबवला की मग तो पोचतो.”

पलीकडे सुनीती विचार करत होती.  

“चार्जर लावला की?”

“चार्जर लावला की पळतो. खोलीवर काही त्रास नाही.”

“म्हणजे मशीन बरं आहे,” ती म्हणाली. “बॅटरीवर आला की त्याला कुणीतरी धरून ठेवतंय. कोण धरतंय ते शोधायचं. एकोणीस तारखेच्या आत.”

एकोणीस ऑगस्टला, गुरुवारी साडेअकराला, आमच्या घटस्फोटाची तारीख होती. दोघांच्या संमतीचा अर्ज. ठरलेले सहा महिने थांबून झाले होते. आता दोघांनी पडद्यावर न्यायाधीशांसमोर यायचं, ‘संमती आहे’ म्हणायचं, संपलं. तशी एक तारीख आठ जुलैला होऊन गेली होती. त्या दिवशी माझा लॅपटॉप मध्येच थिजला आणि मी बाहेर फेकला गेलो, असं मी आमच्या वकीलबाईंना कळवलं होतं. वकीलबाईंनी सुनीतीला सांगितलं, पुन्हा असं झालं तर न्यायाधीश मॅडम अर्ज फेटाळतील, मग परत पहिल्यापासून.

त्यावर सुनीतीने पाच महिन्यांत पहिल्यांदा मला फोन केला. म्हणाली, “या वेळी मला मशीनचं कारण नको. म्हणून मशीन मीच दुरुस्त करणार आहे.”

तिचा धंदाच तो. एका कंपनीत ती दिवसभर लोकांना फोनवर हे दाबा, ते वाचा असं सांगायची. माझ्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्सही तिनेच टाकलं होतं, मी पठारावर आलो तेव्हा. जुनं मशीन आहे, यावर हेच टिकेल म्हणाली होती. टिकलंही.

आता कुणी म्हणेल, एवढी यातायात कशाला? खाली उतरायचं आणि कोर्टात उभं राहायचं. पण आमच्याकडे वाऱ्याचे चार महिने म्हणजे हंगाम, रजा बंद. कुणी म्हणेल, फोनवरून बोलायचं. चक्कीवर चढून दुरुस्ती करताना माझा मोठा फोन जूनमध्ये सत्तर मीटरवरून खाली पडला होता आणि मी बटणांच्या फोनवर आलो होतो. खोलीवर वीज होती, रेंज नव्हती. फोनला काय, लॅपटॉपच्या डोंगलला काय, रेंज मिळायची ती फक्त सतरा नंबरच्या पवनचक्कीच्या पायथ्याशी. तिच्या पोटात, लोखंडी नळकांड्यात, प्लगही होता. पण आत शिरलं की रेंज जाई. बाहेर झोरेमामांच्या केबिनमध्ये रेंज मिळे, तर प्लग नव्हता. आणि वायर ओढून आणावी तर चक्की फिरत असताना दार उघडं ठेवायला सक्त मनाई.

“एवढी वीज करता तुम्ही तिथे,” सुनीती म्हणाली, “आणि बसता बॅटरीवर.”

“ती आमच्यासाठी नसते.”

“माहितीय,” ती म्हणाली. “बरं.”

फोन बंद.

“कोन हाय ही बाई?” झोरेमामांनी विचारलं.

“दुरुस्तीवाली आहे,” मी म्हणालो.

“लई हुशार दिसतीया. दमानं इचारती.” त्यांनी मला चहा दिला. “आमच्या टीवीवाल्यासारखं न्हाई. त्यो आधी थोबाडीत मारतो टीवीच्या.”

#

दुसऱ्या दिवशी तिने मला लॅपटॉप पालथा करून पंख्याच्या जाळीतली धूळ काढायला लावली. मामांनी घड्याळ पुसायचा ब्रश दिला. फरक पडला नाही.

“आता ती काळी खिडकी उघड. टी-ओ-पी टाईप कर. सगळ्यात वर कोण आहे?”

“कुणी नाही. सगळे एक-एक, दोन-दोन टक्के.”

“म्हणजे कुणी खात नाहीये. गरम झालाय का?”

“गार आहे.”

“गार?”

“इथे सगळंच गार असतं, सुनीती.”

“ठीक आहे, सर, आता आपण...” ती थांबली. दिवसभराची जीभ तिची.  पातं वरून तीनदा गेलं.

“सतरा फिरतोय ना?” तिने विचारलं.

“फिरतोय.”

“ऐकू येतोय.”

तिसऱ्या दिवशी तिने मला एक लांबलचक आज्ञा लिहायला लावली. एकेक अक्षर सांगून. मोकळी जागा कुठे सोडायची तेही. ती म्हणाली, “आता एक आकडा येईल. मशीनचा मेंदू आत्ता किती वेगाने चाललाय तो. दोन हजारच्या वर असेल तर चूक दुसरीकडे आहे, शोधत बसावं लागेल. आणि चारशे-आठशे असलं काही दिसलं तर झालंच समज. कुणीतरी लगाम घातलाय. पाच मिनिटांचं काम, मग तुला त्रास देणार नाही.”

पडद्यावर आठशे होतं. चार ओळी, चारही आठशे.

“अभी? किती?”

“चोवीसशे,” मी म्हणालो.

“नक्की?”

“दोन, चार, शून्य, शून्य.”

“काय पण,” ती म्हणाली. “मग उद्या बघू. मी जरा वाचते यावर.”

‘उद्या बघू’ हे शब्द मी खोलीपर्यंत नेले. दीड किलोमीटर. वाटेत धुकं इतकं दाट होतं की स्वतःचे बूट दिसत नव्हते.

#

मग रोज पाच वाजले की सतरा नंबर. ती काही ना काही वाचून यायची. कधी म्हणे बॅटरीच मेली असेल, तिची तब्येत बघू. कधी म्हणे डिस्क. कधी पडद्याचा उजेड कमी कर, कधी निळा दात, म्हणजे ब्लूटूथ, बंद कर. मी पाच मिनिटांत करता येईल ते वीस मिनिटं करत असे, आणि दोष मशीनवर जाई. ते हळू होतंच.

थांबण्याच्या त्या वेळात आम्ही बोलायचो. ठरवून नाही. पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत असायची, आणि काहीतरी बोलायला हवं म्हणून.

“आईचा गुडघा?” मी विचारलं.

“आहे तसाच. ती तुझ्याबद्दल विचारते. मी सांगते, उंचावर आहे.”

“जेवलीस?”

“पाच वाजता कोण जेवतं, अभी? तू अजून पिठल्यावरच का?”

“कधी कधी अंडं.”

एकदा मी तिला फोन पडल्याची गोष्ट सांगितली. खाली तुकडे झाले होते. झोरेमामांनी ते इमानदारीने वेचून डब्यात भरून मला आणून दिले, जसं काही मी ते घरी नेऊन लावणार होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला डब्यातून अलार्म वाजला.

सुनीती हसली. मोठ्याने, पहिल्यासारखी, शेवटी खोकून. मग एकदम म्हणाली, “पट्टी संपली का?”

“नाही. साठ टक्के.”

संपली होती.

मी पठारावर सहा महिन्यांसाठी आलो होतो. सहा महिने संपले की मुदतवाढीचा कागद येई. मी सही करी आणि तिला नंतर कळवी. असे सात कागद. पहिलं वर्षभर आम्ही रोज संध्याकाळी सतरा नंबरवरून बोलायचो, लॅपटॉपवर, तोंड बघून. मग एक दिवसाआड. मग मी थकलोय म्हणायला लागलो. थकलेला नसायचो. काय बोलायचं ते मला सुचेना, आणि सुचत नाही हे तिला सांगणं त्याहून अवघड वाटे. ‘नेट गेलं’ म्हणणं सोपं होतं. अर्जावर सही करताना ती म्हणाली होती, “तू माझ्याशी एकदा भांडला असतास तरी चाललं असतं.”



#

अठरा तारीख. बुधवार. ती नेहमीसारखी बोलली नाही.

“ऐक. मी पुण्यातली खोली सोडलीय. तीस तारखेला चेन्नईला रुजू व्हायचंय. उद्या झालं नाही तर नवा अर्ज, नव्या सह्या, त्यासाठी मला तिकडून नाचावं लागेल. काल रात्री मी सगळं परत पहिल्यापासून लिहून काढलं. तू जे जे सांगितलंस ते खरं धरलं तर तुझं मशीन हळू असूच शकत नाही. म्हणून आपण परत तोच आकडा बघू. तिसऱ्या दिवशीचा.”

“तो बघितला की.”

“परत बघू.”

मी आज्ञा लिहिली. बोटं गार पडली होती. झोरेमामा चहाचा कप घेऊन माझ्या मागे येऊन उभे राहिले. तासातासाला वारा मोजायच्या डब्यावरचा आकडा वाचून वहीत उतरवायचा, हे त्यांचं बावीस वर्षांचं काम. आकडा दिसला की ते वाचतात. त्यांना ते थांबवता येत नाही.

“किती?” सुनीती म्हणाली.

“चोवी...”

“आठ-शून्य-शून्य,” मामा म्हणाले. “पुन्यांदा आठ-शून्य-शून्य. चारी खाली तेच हाय. सायेब, चोवीस कुठं दिसलं तुमास्नी?”

 पत्रा वाजत होता. मामांनी माझ्याकडे बघितलं, मग फोनकडे, मग कप बाकड्यावर ठेवला आणि हळूच म्हणाले, “म्या डबा बघून येतो,” आणि रेनकोट चढवून बाहेर गेले. त्यांच्या डब्याची वेळ व्हायला अजून चाळीस मिनिटं होती.

“अभी.”

“हं.”

“कधीपासून आठशे दिसतंय?”

“तिसऱ्या दिवसापासून.”

बारा दिवस झाले होते. ती ते मोजत असावी. मला वाटलं, आता ती ओरडेल, आणि मी ते ऐकून घ्यायला तयारही झालो. पण ती ओरडली नाही. कपाटाचं दार लावल्याचा आवाज आला, नंतर खुर्ची सरकवल्याचा.

“फाइल उघड,” ती म्हणाली. “मी सांगते तसं लिही.”

फाइल मोठी होती. बॅटरीवर असताना मशीनने कसं वागायचं त्याचे सगळे नियम तिच्यात. पडदा किती मंद, डिस्क कधी झोपवायची. बहुतेक ओळींच्या आरंभी हॅशचं चिन्ह होतं, दोन उभ्या रेघा, दोन आडव्या.

“हॅशवाल्या सोड. त्या मशीन वाचत नाही, त्या माणसांसाठी असतात. बिनहॅशची एखादी ओळ शोध, जिच्यात आठ लाख आहे. आठावर पाच शून्यं. फाइलीत तोच आठशे तीन शून्यं जास्त देऊन लिहितात.”

मी खाली खाली गेलो. माउस मागून येत होता.

“सापडली.”

“वाच.”

मी वाचली. बॅटरीवर असताना जास्तीत जास्त वेग एवढाच, असं तिच्यात म्हटलं होतं.

“हे आपोआप नाही येत,” सुनीती म्हणाली. “कुणीतरी हाताने घातलंय. तुझ्याकडच्या कुणी हात लावला होता का?”

“नाही.”

“वरच्या ओळीत काही लिहिलंय? हॅश टाकून? घालणारा बहुतेक वेळा लिहून ठेवतो, का घातलं ते.”

वरच्या ओळीत लिहिलं होतं. इंग्रजी अक्षरांत, पण मराठी. मी ते वाचलं. पुन्हा वाचलं.

# ghai nako. halu chalu de. don taas bolta ala pahije. – su, 14 nov

“अभी? आहे काही?”

“तारीख आहे.”

“कुठली?”

“चौदा नोव्हेंबर.”

मी पठारावर आलो तो दिवस पंधरा नोव्हेंबर.   वरून पातं जात होतं आणि मी ते मोजत होतो. अकरा झाली.

“तेव्हा ती बॅटरी जेमतेम तास चालायची,” ती म्हणाली. “मग दोन तास पुरायला लागली.”

“सव्वादोन.”

“सव्वादोन,” ती म्हणाली. मग घसा साफ केला. “त्या आठ लाखांच्या ओळीच्या आरंभी हॅश टाक.”

“पुसून टाकू?”

“पुसायची काही गरज नाही. हॅश टाकला की ओळ असते, पण मशीन ती वाचत नाही. पुढे कधी लागली तर हॅश काढला की झालं.” ती जरा थांबली. “आपल्याला लागणार नाहीये म्हणा. पण कामाची पद्धत ती आहे.”

मी हॅश टाकला. फाइल जपली. तिने सांगितलेली शेवटची आज्ञा दिली.

माउस हातासोबत हलला. इतका सोबत की मी दचकलो.

“आता आकडा?”

“सव्वीसशे.”

“खरं?”

“खरं.”

“मामांना विचारू का?”

तिच्या आवाजात थोडं हसू होतं की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

“बरं,” ती म्हणाली.

#

गुरुवारी साडेअकराला मी इस्त्रीचा शर्ट घालून झोरेमामांच्या बाकड्यावर बसलो. आमच्या आधी दोन प्रकरणं होती. मामांनी केबिनचं दार बाहेरून पाठीने धरून ठेवलं होतं, वाऱ्याचा आवाज कमी यावा म्हणून. आज काय आहे ते मी त्यांना सकाळी सांगितलं होतं. “दुरुस्तीवाली ती हीच व्हय?” एवढंच त्यांनी विचारलं.

पडद्यावर चौकटी होत्या. एकीत न्यायाधीश, एकीत वकीलबाई, एकीत सुनीती. तिने केस कापले होते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. रोज बोलत होतो, पण बघितलं नव्हतं. मागे भिंत रिकामी आणि पुठ्ठ्याची खोकी.

“अभिनंदन मगदूम, ऐकू येतंय?”

“येतंय, मॅडम.”

“चित्रही नीट दिसतंय आज. अर्जावर सही तुमचीच?”

“हो.”

“कुणाचा दबाव? धाक?”

“नाही.”

“एकत्र राहण्याची काही शक्यता तुम्हाला वाटते?”

सुनीती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. पडद्यावर, जरा खाली बघत होती, म्हणजे बहुतेक माझ्या चौकटीकडे. चित्र कुठे थिजलं नाही. आवाज कुठे तुटला नाही. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

“नाही,” मी म्हणालो.

तोच प्रश्न तिला. तेच उत्तर. सगळं मिळून चार मिनिटं लागली. तेवढ्यात पूर्वी हा लॅपटॉप चालूही होत नसे.

चौकटी एकेक करून गेल्या. मग बाकड्यावर फोन वाजला.

“आवाज स्वच्छ आला तुझा,” सुनीती म्हणाली.

“हो.”

“पंखा ओरडतोय का आता?”

“ओरडतोय.”

“ओरडणारच. आता तासभरसुद्धा बॅटरी टिकणार नाही. चार्जर जवळ ठेवत जा.”

“ठेवतो.”

“आणि पिठलं कमी कर.”

“करतो.”

मला वाटलं आता ‘बरं’ येईल.  कुणीतरी तिच्या मागे खोक्याला चिकटपट्टी लावत होतं, त्याचा फर्रकन आवाज आला.

“अभी, एक सांग. जुलैत पण असंच झालं होतं ना? म्हणजे, त्या आठशेमुळेच अडकला ना तो?”

“आठशेमुळेच,” मी म्हणालो.

“मला तेच वाटलं. मीच घातलं होतं, मीच विसरले. तुझ्यावर उगाच चिडले महिनाभर.” तिने श्वास सोडला. “बरं.”

झोरेमामा आत आले. त्यांनी स्टोव्ह पेटवला, दोन कप मांडले. मग म्हणाले, “उद्या पाचला येनार का न्हाई?”

मी दुसऱ्या दिवशी पाचला गेलो. त्यानंतरही काही दिवस गेलो. लॅपटॉप नेत नसे.

याला पाच वर्षं झाली. आठवा कागद आला तेव्हा मी सही केली नाही. आता खाली कराडात राहतो. इथे वीज आहे, रेंज आहे. लॅपटॉप चार्जर लावूनच चालतो, बॅटरी कधीच फुगून गेली. ती फाइल मी अधूनमधून उघडतो. दोन्ही ओळी आहेत, एकीखाली एक, दोन्हींना हॅश.

# आठ जुलै, अकरा वाजून चाळीस मिनिटं. बॅटरी ब्याण्णव टक्के. चित्र हळू, पण हलत होतं. आवाज येत होता. न्यायाधीशांनी माझं नाव दुसऱ्यांदा घेतलं तेव्हा झाकण मी मिटलं.